भट्टीला पाणी लागलं

गेल्या महिन्यात इंडक्शन भट्टीवर, म्हणजे तांब्याच्या पोकळ नळीच्या वेटोळ्यातून (कॉइलमधून) वीज सोडून आतला धातू तापवणाऱ्या आणि त्याच नळीत पाणी फिरवून ती गार ठेवणाऱ्या भट्टीवर, चार ओळी लिहिल्या होत्या, तर या वेळी निम्मी पत्रं त्याच विषयाची आली, आणि गंमत म्हणजे कोणाचाच प्रश्न भट्टीचा नाही, सगळ्यांचा प्रश्न पाण्याचा आहे. नवीन गावी गेल्यावर माणसाला पाणी लागतं तसं या मशीनलाही आपल्याकडचं पाणी लागतं, हे मी वीस वर्षं मेंटेनन्सवर काढली त्यात रोज पाहिलंय. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच दिला.

प्रश्न : दर्यापूर तालुक्यात आमचं वर्कशॉप आहे, वखराच्या पासा, नांगराचे फाळ, विळे बनवतो. दोन वर्षांआधी कोळशाची भट्टी काढून ५० किलोवॅटचं इंडक्शन हीटर घेतलं. एप्रिल लागला की दुपारी १२ ला मशीन ट्रिप होते ते ४ वाजेपर्यंत चालतच नाही. पाणी बोअरचं आहे, टीडीएस १५०० च्या आसपास, १००० लिटरची टाकी, थंड करायला ट्रकचे दोन जुने रेडिएटर अन् पंखा. गेजवर अडीच किलो प्रेशर बरोबर दिसते. पाणी कमी झालं की वरून भरतो, मशीन घेतल्यापासून बदलवलं नाही. मिस्त्री म्हणते की इथलं ऊनच तसं आहे, टेम्परेचरचा सेन्सर काढून टाकू. काढू द्यायचा का?

उत्तर : नाही भाऊ, सेन्सरला हातही लावू देऊ नका. तो ५५-६० डिग्रीला मशीन बंद करतो म्हणूनच आज तुमची कॉइल आणि पॅनल शाबूत आहे. तो काढला की आधी होज (पाण्याचा रबरी पाइप) फुगेल, मग पॅनलमधले, म्हणजे विजेच्या पेटीतले, थायरिस्टर किंवा आयजीबीटी, वीज झपाट्यानं चालू-बंद करणारे भाग, जे काय असेल ते जाईल, आणि त्याचा खर्च पूर्ण हंगामाची कमाई खाऊन टाकतो.

आता मूळ हिशोब बघा. ५० किलोवॅटमधली सगळी ताकद फाळात जात नाही, कॉइलमध्ये शेकडो-हजारो अँपिअर फिरतात त्यानं तांबं स्वतःच तापतं, वरून लाल फाळाची धग कॉइलला लागते, पॅनलही थोडं तापतं. सगळं मिळून १५ किलोवॅट पाण्यात जातंय असं धरा. १ किलोवॅट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी, म्हणजे तुमच्या पाण्याला तासाला १२,९०० किलोकॅलरी बाहेर नेऊन टाकायच्या आहेत. पाणी आत जाताना आणि बाहेर येताना १० डिग्रीचा फरक ठेवायचा तर तासाला १२९० लिटर, मिनिटाला साडेएकवीस लिटर फिरलंच पाहिजे. हा आकडा मशीनच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.

ट्रकचा रेडिएटर इथं का हरतो ते सांगतो. रेडिएटर पाण्याला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, कितीही मोठा पंखा लावा. मे महिन्यात तुमच्याकडं हवाच ४५-४६ असते, टिनाच्या शेडमध्ये आणखी जास्त, मग पाणी ५० च्या खाली येणार कुठून? पण त्याच दुपारी तुमच्या घरातला कूलर काय मस्त गारवा देतो! कारण तिथं पाणी खसमधून झिरपताना वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. कूलिंग टॉवर म्हणजे उलटा कूलर, आपल्याला हवा नको, खाली पडलेलं गार पाणी हवं. कोरड्या ४६ डिग्रीत थर्मामीटरच्या बल्बला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर तो २४-२५ दाखवतो, आणि चांगला टॉवर पाणी त्याच्या चार-पाच डिग्री वरपर्यंत आणतो, म्हणजे भर मे महिन्यात ३० च्या आसपास. उलट जुलैत हवा ३० असली तरी दमट असते, ओला थर्मामीटर २७-२८ वर अडकतो, त्यामुळं टॉवरचं पाणी मे महिन्यापेक्षा जुलैत गरम येतं. घरचा कूलर पावसाळ्यात चिकचिक करतो ते यामुळंच. तर मिस्त्रीला सांगा, विदर्भाचं कोरडं ऊन भट्टीचं वैरी नाही, ते कामाला लावायचं असतं.

पण तुमचा खरा आजार मला दुसराच वाटतो. टाकीत पाणी कमी होतं म्हणजे टाकीवरून, गळतीतून उडून जातंय, आणि टॉवर लावला की तर तासाला २०-२२ लिटर उडणारच, ८ तासांचे १७५-१८० लिटर. उडतं ते फक्त पाणी, क्षार टाकीतच राहतात. १५०० टीडीएसचं पाणी म्हणजे लिटरला दीड ग्रॅम क्षार, रोज १८० लिटर वरून भरलं तर रोज २७० ग्रॅम, महिन्याच्या २५ दिवसांत पावणेसात किलो. पावणेसात किलो क्षार १००० लिटरच्या टाकीत! ते विरघळून राहतच नाहीत, जिथं पाणी जास्त तापतं तिथं जाऊन बसतात, कारण चुन्याचे क्षार गरम पाण्यात उलट कमी विरघळतात. आणि सगळ्यात गरम जागा कोणती, तर कॉइलची आतली बाजू. तुम्ही तर पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातले, तुम्हाला खारं पाणी काय असतं ते मी काय सांगू, पिकाला चालत नाही ते तांब्याच्या नळीला कसं चालेल.

एका वर्कशॉपमध्ये अशीच रोज ट्रिप होणारी कॉइल मी आरीनं आडवी कापली होती. बाहेरून तांबं लखलखीत. आत पिवळट पांढरा थर, पानवाल्याच्या चुन्याच्या डबीच्या काठावर वाळून बसतो तसा, मध्ये पाणी जायला राहिलेली वाट तुरीच्या दाण्याएवढी. आंघोळीच्या जुन्या बंबात हात घालून पाहिला असेल तर तोच प्रकार. तांबं जेवढ्या सहज उष्णता सोडतं त्याच्या शेकडो पट कमी हा थर सोडतो, म्हणून पाणी गार असलं तरी तांबं आतल्या आत भाजत राहतं. आणि मालक मला गेज दाखवून सांगत होता, प्रेशर बघा ना साहेब, एकदम बरोबर आहे. अहो नळी बुजली की प्रेशर चांगलंच दिसणार, गेज पंपाजवळ आहे, पाणी अडलंय पुढं! प्रेशरवर कधीच विसंबू नका, वाहणारं पाणी मोजा.

मोजायला काही विकत आणायचं नाही. कॉइलचा आणि पॅनलचा रिटर्न पाइप टाकीत उघडा सोडा, पाण्यात बुडवू नका, वरून धार दिसली पाहिजे. १० लिटरची बादली धरा, मोबाइलचं घड्याळ लावा. सगळ्या धारा मिळून २८ सेकंदांच्या आत बादली भरली पाहिजे, धारा वेगळ्या असतील तर प्रत्येकीचं मोजून वहीत लिहा, दर सोमवारी. एखाद्या धारेला मागच्या महिन्यात ४० सेकंद लागले आणि आता ५५ लागतात, तर ती लाइन बुजत चाललीय, ट्रिप व्हायची वाट पाहायची गरज नाही.

आता काय करायचं. आधी कॉइल साफ करा : पॅनलच्या लाइन सोडवून फक्त कॉइलला प्लास्टिकची बादली आणि छोटा पंप जोडा, सल्फॅमिक अ‍ॅसिडचं ५ टक्क्यांच्या आसपासचं पाणी हळूहळू फिरवा, फेस यायचा थांबला की थर गेला, मग सोडा विरघळवलेलं पाणी आणि शेवटी भरपूर साधं पाणी. हातमोजे, चष्मा घाला आणि मोकळ्या हवेत करा. संडास धुवायचं अ‍ॅसिड अजिबात नाही, ते पितळेचे जॉइंट आणि ब्रेझिंग (धातू वितळवून केलेला जोड) खातं.

त्यानंतर पाण्याचे दोन फेरे वेगळे करा. आतला फेरा बंद, त्यात डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, तेच तेच पाणी फिरत राहणार, वर्षभरात थोडंसंच घालावं लागतं. बाहेरचा फेरा टॉवरचा, त्यात तुमचं बोअरचं पाणी. दोघांच्या मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर, त्यात दोन पाणी पातळ प्लेटांच्या दोन बाजूंनी जातात, उष्णता पलीकडं जाते पण पाणी मिसळत नाही. क्षार बसतील तर त्याच्या प्लेटांवर बसतील, आणि त्या नटबोल्ट खोलून ब्रशनं घासता येतात, कॉइल काय खोलून घासणार? म्हणून गॅस्केटवाला, खोलता येणारा घ्या, ब्रेझिंग केलेला स्वस्त मिळाला तरी नको. टॉवरच्या खालच्या टाकीचा कॉक उघडून रोज थोडं पाणी सोडून द्या म्हणजे क्षार साठत नाहीत.

आणि एक मनापासून सांगतो, शेडच्या टिनांवरचं पावसाचं पाणी वाया घालवू नका. १०० चौरस मीटर टिनं आणि ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ७० हजार लिटर, गळती-उडालेलं सोडलं तरी ५० हजारांच्या वर हाती लागतं. त्याचा टीडीएस बोअरच्या पुढं काहीच नाही. पहिला पाऊस जाऊ द्या, मग जाळी लावून साठवा. १० हजार लिटरची टाकी बांधली तर टॉवरला दोन महिने पुरते. खारपाण पट्ट्यात याहून चांगलं पाणी कोणी आणून देणार नाही.

प्रश्न : खामगावजवळ आमचं सोन्या-चांदीचं दुकान आहे. २ किलोचं छोटं इंडक्शन मेल्टिंग मशीन आहे, पाणी २० लिटरच्या बादलीतून पंपानं फिरतं. पाणी लवकर गरम होतं म्हणून वडील त्यात बर्फ टाकतात. उन्हाळाभर काही झालं नाही, पण आता पावसाळा लागला अन् परवा मशीनमधून चट्‌ आवाज येऊन धूर निघाला. मेकॅनिक म्हणतो कार्ड जळालं. बर्फाचा काही संबंध असेल का?

उत्तर : बहुतेक तोच संबंध आहे दादा. फ्रिजमधलं पाणी स्टीलच्या ग्लासात घेतलं की पावसाळ्यात ग्लासाला बाहेरून घाम येतो ना, मे महिन्यात तेवढा येत नाही. तुमच्या मशीनच्या आत ज्या तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवर आयजीबीटी बसवलेत तिला बर्फाचं पाणी गेलं की तसाच घाम येतो, थेंब ओघळून कार्डावर पडतो आणि शॉर्ट. आपल्याकडं जुलै-ऑगस्टच्या हवेत २४-२५ डिग्रीच्या खालची कोणतीही वस्तू ओली व्हायला लागते. म्हणून पाणी जास्तीत जास्त गार असावं हा समज काढून टाका. ३० डिग्रीचं पाणी या मशीनला एकदम ठीक, ३५ पण चालतं.

तुमची खरी अडचण बादली लहान आहे ही. मशीनची २ किलोवॅट उष्णता पाण्यात जाते असं धरलं तरी २० लिटर पाणी पाव तासात २० डिग्रीनं वर जातं. तेच २०० लिटरचा ड्रम ठेवला तर पूर्ण तासभर सलग चालवून साडेआठ-नऊ डिग्री चढेल, आणि दोन घाणांच्या मध्ये थोडं उतरेल पण. ड्रम सावलीत ठेवा, वर झाकण. दुकानातल्या पिण्याच्या आरओचं पाणी भरलं तर उत्तम, आणि त्यात हिरवट शेवाळ दिसलं की बदलवा. वडिलांना सांगा काम झालं की पंप लगेच बंद करू नका, १० मिनिटं चालू द्या. आणि सकाळी आधी गार पाणी फिरवत ठेवून मग तासाभरानं मशीन लावायची असंही नको, पंप आणि मशीन बरोबरच सुरू करा.

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातली. माझा मुलगा नागपूरकडं एका फाउंड्रीत भट्टीवर हेल्पर आहे. तो सांगतो की लाइन गेली की सगळे धावतात, पाणी बंद झालं तर भट्टी फुटते म्हणतात. मला तं तेव्हापासून झोप नाही. हे खरं आहे का, अन् त्यानं काय काळजी घ्यावी? मी चौथी शिकली आहे, समजेल असं सांगा.

उत्तर : काकू, तुम्ही विचारलं हे फार चांगलं केलं. सोपं करून सांगतो आणि लपवत काही नाही.

चुलीवरून दूध उतरवलं तरी ते लगेच थंड होत नाही, तसंच भट्टीचं. लाइन गेली की वीज बंद होते पण आतलं लोखंड चौदाशे डिग्रीचं तसंच रटरटत असतं. त्याच्या आणि पाण्याच्या तांब्याच्या नळीच्या मध्ये फक्त बोटभर-वीतभर जाडीचं मातीसारखं अस्तर असतं. पंप विजेवर चालतो, तो थांबला की नळीतलं पाणी तिथंच उकळतं, नळी फाटू शकते. आणि पाणी वितळलेल्या लोखंडाच्या खाली किंवा आत गेलं तर एक लिटरची सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते, ती सगळं उडवून देते. धावतात ते यासाठी, आणि धावणं बरोबरच आहे.

म्हणून प्रत्येक भट्टीला उंचावर एक वेगळी पाण्याची टाकी पाहिजे, लाइन गेली की तिचा व्हॉल्व्ह आपोआप उघडून पाणी आपल्या भारानं नळीत उतरतं, तोवर जनरेटर किंवा डिझेलचा पंप सुरू करायचा. आणि भट्टी भरलेली असेल तर लाइन आली नाही तरी कितीतरी तास पाणी चालूच ठेवावं लागतं. तुमच्या मुलाला एवढं विचारा : ती टाकी भरलेली आहे का, रोज कोण बघतं? महिन्यातून एकदा मुद्दाम मेन बंद करून व्हॉल्व्ह उघडतो का हे पाहतात का? डिझेल पंप दर आठवड्याला सुरू करून पाहतात का?

हे विचारायला सांगतोय कारण मी एका ठिकाणी होतो तेव्हा मे महिन्यात लाइन गेली, व्हॉल्व्ह बरोबर उघडला आणि चार मिनिटांत टाकी खडखडीत. उन्हाळ्याचे दिवस, बाकी नळाला पाणी नव्हतं, पोरं त्याच टाकीवर आंघोळ करत होती, कोणाला माहीतच नव्हतं ती टाकी कशासाठी आहे. पोरांचा काय दोष, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. बाजूच्या संत्र्याच्या बागेतलं डिझेल इंजिन ओढत आणून पाइप जोडला तेव्हा नळीतून वाफ येत होती. चेन पुलीनं भट्टी कलती करून लोखंड कोरड्या वाळूच्या खड्ड्यात ओतलं. कोणाला काही झालं नाही. त्या टाकीवर मग लाल रंग दिला आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, भट्टीचं पाणी, हात लावू नये.

मुलाला आणखी तीन गोष्टी सांगा. भट्टीत ओलं भंगार किंवा तोंड बंद असलेला डबा, पाइप कधी टाकायचा नाही, पावसाळ्यात तर भंगार आधी वाळवूनच, अपघात पाणी गळण्यापेक्षा यानंच जास्त होताना मी पाहिलेत. भट्टीखालचा खड्डा नेहमी कोरडा. आणि पॅनलवर अर्थ लीकेजचा लाल दिवा लागला, म्हणजे लोखंड अस्तरातून नळीकडं निघालंय असा तो इशारा असतो, तर कोणी कितीही मोठा माणूस तो दाबून पुढं चालवा म्हणाला तरी भट्टीजवळून लांब व्हायचं. हेल्परलासुद्धा लांब व्हायचा हक्क आहे काकू. या गोष्टी तिथं नीट असतील तर भट्टी रोज चालते, हजारो पोरं रोज डबा घेऊन घरी येतात. नसतील तर मला परत लिहा, मुलानं दुसरीकडं बघितलेलं बरं.

प्रश्न : मी आयटीआयला आहे, पांढरकवड्याजवळचा. सरांना विचारलं पण नीट कळलं नाही. तांबं १०८५ डिग्रीला वितळते, आत लोखंड १४००-१५०० ला वितळून पडलेलं असते, मग कॉइल काऊन वितळत नाही? अन् एवढा करंट जाते तं नळी पोकळ कशी चालते, भरीव पाहिजे ना?

उत्तर : प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. उष्णता कॉइलमधून लोखंडात जात नाही, कॉइल फक्त बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि लोखंड स्वतःच्या आतल्या करंटनं तापतं, फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्वच आहे हे. कॉइलला तापवणारा तिचा स्वतःचा करंट आणि अस्तरातून येणारी धग, हे दोन्ही पाणी घेऊन जातं, म्हणून चालू भट्टीची कॉइल आतून ५०-६० डिग्रीचीच असते.

पोकळ असण्याचं कारण आणखी मजेदार आहे. करंट जेवढ्या जास्त फ्रिक्वेन्सीचा तेवढा तो तांब्याच्या कातडीतूनच वाहतो. ५० हर्ट्झला सव्वानऊ मिलिमीटर खोल, १००० हर्ट्झला जेमतेम २ मिलिमीटर, १०,००० ला पाऊण मिलिमीटरही नाही. म्हणजे भरीव सळई घेतली तरी मधलं तांबं फुकट, मग तिथून पाणी का नेऊ नये? वर्कशॉपच्या सरांकडून कॉइलचा जुना तुकडा मागून घे आणि भिंतीची जाडी व्हर्नियरनं मोज, कोणत्या फ्रिक्वेन्सीच्या भट्टीचा होता याचा अंदाज लावता येतो का बघ.

प्रश्न : आमच्या भट्टीचं पितळी निपल दर तीन-चार महिन्यांनी एका बाजूनं खाल्ल्यासारखं होऊन गळते. नवीन रबरी पाइप टाकले तरी तसंच. गाडीचं कूलंट टाकलं तर थांबेल का? (मूर्तिजापूर)

उत्तर : कूलंट नको, त्यातली रसायनं वीज वाहतात, उलट आणखी खाल्लं जाईल, आणि आपल्याकडं पाणी काही गोठत नाही की त्याची गरज पडावी. तुमच्या पाण्यातूनच करंट गळतोय, आणि जिथून तो पाण्यात उतरतो तिथलं पितळ झिजतं. पॅनलच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी मोजा, ५० मायक्रोसिमेन्सच्या खाली पाहिजे, वर गेली असेल तर डीएमच्या बाटलीतलं क्षार धरून ठेवणारं रेझिन संपलंय. दुसरं, नवीन टाकलेले काळे पाइप कोणते आहेत ते बघा, साध्या काळ्या रबरात कार्बन असतो आणि तोच वीज वाहतो. भट्टीसाठी बिनकार्बनचा होज वेगळा मिळतो, तो घ्या, आणि जागा वाचवायला म्हणून त्याची लांबी कापून कमी करू नका, पाण्याचा रस्ता जितका लांब तितका करंट कमी गळतो. मीटर लावून आकडा आला की मला पाठवा, पुढच्या अंकात बघू.